वडगांवची मोहीम व घाटमाथ्यावरील मुक्काम : एका रूढ निर्णयाची परीक्षा

इ. स. १७७९ च्या जानेवारींत वडगांव येथें मुंबईकर इंग्रजांची जी दुर्दशा झाली, तिची कारणमीमांसा करतांना बहुतेक लेखक ग्रांट डफ यांच्या मागोमाग चालतात. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतचे ८ मैल चालून जाण्यास या फौजेस ११ दिवस लागले, असें डफ यांनीं नमूद केलें. आणि तेव्हांपासून हे ८ मैल व ११ दिवस या मोहिमेच्या कपाळीं जे चिकटले ते चिकटलेच. आंकड्यांशीं आमचा वाद नाहीं. त्यांवरून काढला जाणारा निर्णय मात्र अपुरा आहे, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

ही मोहीम मुळांत गृहकलहांतील होती, ही गोष्ट 'पहिलें इंग्रज-मराठे युद्ध' या नांवाखालीं झांकली जाते. रघुनाथरावांस पुण्यास नेऊन कारभारावर बसवावयाचें, आणि नाना फडणीस प्रभृति कारभाऱ्यांस दूर करावयाचें, हा तिचा हेतु. याकरितां निघालेली फौज सुमारें ३,९०० माणसांची; तिजबरोबर भारवाहू व ओढीचे बैल मात्र १९ हजार! पुणें दरबारचें सर्व बळ समोर असतां एवढ्याशा माणसांनिशीं निघण्याचें धाडस मुंबईकरांस कां झालें? उत्तर एकच : पुण्यांतील अर्धें घर आपलें आहे असा त्यांचा समज होता. मोरोबा फडणीस, सखारामबापू व तुकोजी होळकर यांच्या पक्षाचें बोलावणें आलेलें होतें. परंतु १७७८ च्या पावसाळ्यांतच मोरोबा कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्यांत पडले. होळकरांस महादजी शिंद्यांनीं वळवून घेतलें. बापू उरले ते नुसते नांवाला. म्हणजे ज्यांच्या भरंवशावर नोव्हेंबरांत कूच झालें, तो पक्ष त्यापूर्वींच मोडलेला होता. मुंबईकरांनीं हा हिशेब पुन्हां कां तपासला नाहीं, हा प्रश्न ११ दिवसांच्या प्रश्नाहून वडील आहे.

आतां दिरंगाईचें पाहूं. कप्तान स्टुअर्ट यानें २५ नोव्हेंबर १७७८ रोजीं बोरघाट हस्तगत केला. मुख्य फौज घाट चढून वर आली ती डिसेंबराच्या अखेरीकडे. हा जवळजवळ एक महिना टीकाकारांच्या नजरेंतून कसा सुटतो कोण जाणे! शत्रूस खरी सवड मिळाली ती या महिन्यांत. खंडाळ्यास निशाण लागल्यावर पुणेंकरांनीं काय करावयाचें तें ठरविण्यास याहून उघड इशारा कोणता हवा? पुढील ११ दिवस तर त्या तयारीचें फळ भोगण्याचे होते. भिवराव पानशांच्या तोफा व घोडेस्वारांची छेडछाड यांमध्यें वाट काढावयाची होती. शिवाय ही मंद चाल केवळ भ्याडपणाची नव्हती. रघुनाथरावांचें निशाण दिसतांच सरदार येऊन मिळतील, या आशेनें कूच करणाऱ्यास प्रत्येक मुक्काम लांबवावासा वाटणें साहजिक आहे. पुण्याशीं जुना परिचय असलेला मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतला व १ जानेवारीस वारला. त्यानंतर कोणाची वाट पाहावी आणि कोणाची पाहूं नये हें सांगणारा छावणींत कोण उरला?

घाटासंबंधीं दुसरी एक चूक फार जुनी आहे. घाटमाथा ताब्यांत म्हणजे घाट ताब्यांत, असें मुंबईकरांनीं मानलें, आणि त्यांचे इतिहासकारही मानतात. हा प्रदेश पायाखालीं घातलेल्या मनुष्यास हें पटणार नाहीं. एक वाट अडविली तर कुसूरसारख्या दुसऱ्या वाटा उघड्या असतात, आणि माथ्यावरील चौकी पनवेलच्या रस्त्याचें रक्षण करूं शकत नाहीं. ६ जानेवारीस कर्नल एजर्टन यानें आजारामुळें सेनापतित्व सोडलें व कॉकबर्न यास दिलें. परंतु एजर्टनास मुंबईचा रस्ता मोकळा मिळेना, म्हणून छावणींतच राहावें लागलें. एक रुग्ण सेनापति जेथून खालीं उतरूं शकत नाहीं, तेथून धान्य वर कसें येणार? आमच्या मतें मोहिमेचा निकाल त्या दिवशींच लागला. ९ तारखेस तळेगांव गांठलें तों गांव जाळलेलें. पुणें अवघें २० मैलांच्या आंत राहिलें होतें. पण ११ च्या रात्रीं जड तोफा तळ्यांत लोटून फौज मागें फिरली. कप्तान हार्टले यानें पिछाडी शौर्यानें सांभाळली, हें शत्रुपक्षाचें असलें तरी सांगितलें पाहिजे. पुढें वडगांवास वेढा पडून तहाचीं बोलणीं झालीं.

आमच्या बाजूचे लेखकही या दोषापासून मुक्त नाहींत. कार्ल्यास ४ जानेवारीस पडलेल्या स्टुअर्टास लोकांनीं 'इष्टुर फाकडा' म्हणून जपलें, हें मराठी मनाच्या उदारपणास शोभणारें आहे. परंतु त्या कथेच्या भरांत, त्या फौजेंत पेशव्यांच्या घरचाच एक पुरुष होता, हें बोलावयाचें राहून जातें. जे सरदार या छावणींत येऊन मिळावयाचे त्यांपैकीं कोणी आलें नाहीं. उलट रघुनाथराव स्वतःच तेथून उठून महादजींच्या स्वाधीन झाले. वडगांवचें प्रकरण पुन्हां लिहिणारानें आरंभ खंडाळ्यापासून न करतां मोरोबांच्या कैदेपासून करावा.