सांता मारीया देल मार
स्पेनच्या कॅटालोनिया प्रदेशातील बार्सेलोना शहराचे इतिहासप्रसिद्ध पॅरिश चर्च. ‘समुद्राची माता मेरी’ अशा अर्थाचे नाव धारण करणारी ही वास्तू कॅटालन गॉथिक शैलीचा सर्वांत एकसंध आविष्कार मानली जाते. शहराच्या बंदरानजीकच्या रिबेरा या व्यापारी व नाविकांच्या वस्तीत ती उभी आहे. २५ मार्च १३२९ रोजी, आरागॉनचा राजा चौथा आल्फॉन्सो याच्या कारकीर्दीत, तिची कोनशिला बसविण्यात आली आणि १३८३ मध्ये बांधकाम पुरे झाले. मध्ययुगातील मोठी चर्चे पुरी होण्यास अनेकदा शतके लागत. त्या मानाने अवघी ५४ वर्षे हा काळ फारच थोडा होय. मूळ आराखड्यात फेरफार करण्यास येथे पुढील पिढ्यांना वावच मिळाला नाही. वास्तूच्या एकजिनसीपणाचे हे पहिले कारण.

बेरेंगेर दे मोंतागूत व रामोन देस्पूच हे तिचे वास्तुशिल्पज्ञ. बार्सेलोनाचे कॅथीड्रल बिशप व राजदरबार यांच्या छायेत वाढत असताना, हे चर्च मात्र पॅरिशमधील व्यापारी, कारागीर व कष्टकरी यांच्या पैशाने आणि श्रमाने उभे राहिले. ‘बस्ताइशोस’ या नावाने ओळखले जाणारे बंदरावरील हमाल मोंज्विक टेकडीच्या खाणीतील दगड पाठीवरून वाहून आणीत. मुख्य दरवाजावरील ओझे वाहणाऱ्या हमालांच्या लहानशा ब्राँझ आकृती त्याची साक्ष देतात. संतांच्या व राजांच्या मूर्तींनी गजबजणाऱ्या मध्ययुगीन प्रवेशद्वारी हमालाला असे स्थान मिळावे, ही गोष्ट विरळाच.

वास्तूचे खरे मर्म तिच्या अंतर्भागात आहे. मध्यदालन व त्याच्या दोन्ही अंगांस पार्श्ववीथी असा सरळ विधान असून त्यास आडवे दालन नाही. वेदीमागील अर्धवर्तुळाकार भागाभोवती प्रदक्षिणामार्ग फिरतो. मध्यदालनाचे खण जवळजवळ चौरस असून पार्श्ववीथींची रुंदी त्याच्या सु. निम्मी आहे. अष्टकोनी स्तंभांमधील अंतर सु. १३ मी. असून स्तंभांची जाडी मात्र सु. १·६ मीटरच आहे. एवढ्या विरळ आधारांवर सु. ३२ मी. उंचीचे दगडी छत पेलणे, हे धाडस फ्रान्समधील गॉथिक बांधकामातही सहसा आढळत नाही. तेथील शिल्पज्ञांचा ध्यास उंचीचा होता. बोव्हे येथील कॅथीड्रलच्या छताचा काही भाग १२८४ मध्ये कोसळला, तो त्याच ध्यासापायी. बार्सेलोनाच्या शिल्पज्ञांनी उंचीपेक्षा अवकाशाच्या विस्तारावर भर दिला. पार्श्ववीथींची उंची मध्यदालनाच्या जवळपास नेल्यामुळे मधल्या छताचा बाहेर ढकलणारा भार पार्श्ववीथींच्या छतांमार्फत जाड आधारभिंतींवर उतरतो. फ्रेंच पद्धतीचे अधांतरी कमानींचे टेकू त्यामुळे अनावश्यक ठरले. या आधारभिंतीही बाहेर न ठेवता आत ओढून घेतल्या असून, त्यांच्यामधील जागेत प्रत्येक खणाला तीन याप्रमाणे उपासनाकोष्ठे बसविली आहेत. रचनेची गरज व उपासनेची सोय यांचा एवढा काटकसरीचा मेळ क्वचितच साधला गेला असेल.

या योजनेची किंमतही द्यावी लागली आहे. मध्यदालनाच्या वरच्या अंगास उंच खिडक्यांना जागा उरली नाही. तेथे केवळ लहान वर्तुळाकार गवाक्षे आहेत. परिणामी छताखाली प्रकाश मंद राहतो आणि दृष्टी आपोआप वेदीभोवतालच्या दाट उभ्या स्तंभांकडे व त्यांमागील उजेडाकडे खेचली जाते. ही उणीव की योजकता, याविषयी मतभेद संभवतात. परंतु परिणाम प्रभावी आहे, हे मान्य करावे लागते.

बाह्यांग याउलट ठोकळेबाज, सपाट छपराचे व आडव्या रेषांवर भर देणारे आहे. दर्शनी भागातील दोन अष्टकोनी मनोऱ्यांपैकी एक १४९६ मध्ये, तर दुसरा थेट १९०२ मध्ये पूर्ण झाला. मूळ चक्रगवाक्ष १४२८ च्या भूकंपात कोसळले व त्याखाली काही माणसे दगावली. १४६० च्या सुमारास बसविलेल्या आजच्या चक्रगवाक्षाची ज्वालेसारखी वळणदार जाळी मूळच्या संयत दर्शनी भागाशी काहीशी विसंगत वाटते, तथापि ती स्वतंत्रपणे सुंदर आहे.

या चर्चच्या निरलंकृत भव्यतेची स्तुती नेहमीच केली जाते. परंतु ती करताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. भिंतींचा आजचा उघडेपणा सर्वस्वी चौदाव्या शतकाचा नाही. जुलै १९३६ मध्ये, स्पॅनिश यादवी युद्धाच्या प्रारंभी, चर्चला आग लावण्यात आली व ती अकरा दिवस धुमसत राहिली. तीत अठराव्या शतकातील भव्य बरोक वेदी, मूर्ती, चित्रे आणि कागदपत्रांचा संग्रह नष्ट झाला. दगडी सांगाडा तेवढा टिकला. आधुनिक प्रेक्षकाच्या साधेपणाच्या आवडीला हा रिता अवकाश रुचला आणि जे मुळात नुकसान होते, ते शैलीचे वैशिष्ट्य म्हणून वाखाणले जाऊ लागले. स्तंभांची विरळ मांडणी, प्रमाणबद्धता व कोरीव कामाचा संयम ही मोंतागूतच्या परंपरेची देणगी होय. रिकामी कोष्ठे व भाजलेला दगड ही नव्हे. मध्ययुगीन उपासकांसमोर ही कोष्ठे व्यापारी घराणी आणि कारागिरांच्या श्रेणी यांनी सजविलेल्या वेद्यांनी भरलेली होती. छताच्या फासळ्या जेथे एकत्र येतात तेथील प्रचंड मध्यशिलांवर मेरीचा राज्याभिषेक, ख्रिस्तजन्म इ. प्रसंग कोरलेले असून त्याही रंगविलेल्या होत्या. एका मध्यशिलेवर अश्वारूढ राजा, तर प्रवेशद्वाराजवळच्या शिलेवर बार्सेलोना शहराचे चिन्ह आहे.