कुष्ठरोग, एचएलए जनुके आणि आनुवंशिकतेचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
कुष्ठरोग वंशपरंपरेने येतो, हा समज समाजात दीर्घकाळ रूढ होता. १८४७ मध्ये नॉर्वेतील डॅनियलसन व बोएक यांनीही हेच मत मांडले होते. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी रोगजंतू दाखवून त्यास छेद दिला. पुढे एचएलए जनुकांच्या संशोधनामुळे आनुवंशिकतेचा विचार वेगळ्या रूपात परत आला. त्याच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
टी-पेशीला जंतू थेट ओळखता येत नाही. जंतूच्या प्रथिनाचा लहान तुकडा एचएलए रेणूच्या खाचेत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतो; रेणू व तुकडा या दोहोंची एकत्रित ओळख पटल्यावरच टी-पेशी कार्यान्वित होते. झिंकरनागेल व डोहर्टी यांनी १९७४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून या तत्त्वाचा पाया घातला. खाचेची घडण सहाव्या गुणसूत्रावरील जनुके ठरवितात. ती व्यक्तिपरत्वे भिन्न असल्याने एकाच जंतूला मिळणारा प्रतिसादही भिन्न असतो.

भारतीय अभ्यासांत डीआर-२ गटाचा कुष्ठरोगाशी संबंध आढळला आहे. मात्र तो प्रबळ पेशीय प्रतिकाराच्या ट्युबरक्युलॉईड आणि क्षीण प्रतिकाराच्या लेप्रोमॅटस या दोन्ही प्रकारांत दिसतो. त्यामुळे हा गट एकटाच रोगाचे स्वरूप ठरवितो, असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न नमुन्याचा आहे. शंकरकुमार यांचा २००४ मधील अभ्यास मुंबईतील रुग्णांचा होता. एचएलए प्रकारांचे प्रमाण समाजागणिक बदलते. यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम, गोंड, परधान या जमातींत विवाहसंबंध प्रामुख्याने जमातीअंतर्गत होतात. मुंबईचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावणे शास्त्रीय ठरत नाही. शिवाय रुग्ण व निरोगी गट भिन्न समाजांतील असल्यास, समाजातील फरकच रोगाचे कारण म्हणून मांडला जाण्याचा धोका असतो.

या धोक्याला सामाजिक बाजूही आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण विवाहविषयक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळले गेले. अशा वेळी 'जनुकीय संबंध' याचा अर्थ 'घराण्याचा दोष' असा लावला गेल्यास जुनाच कलंक विज्ञानाच्या नावाने परतेल.

निष्कर्ष :
एचएलए जनुके प्रतिजनाची मांडणी प्रभावित करतात. रोग मात्र जंतूमुळेच होतो आणि बहुविध औषधोपचाराने बरा होतो. जनुक हे प्रवृत्तीचे सूचक आहे, भाकीत नव्हे. जिल्ह्यातील जमातींविषयी विधान करावयाचे असल्यास त्यांच्याच संमतीने, त्यांच्यातीलच तुलनागट घेऊन अभ्यास होणे आवश्यक आहे.