चौर्यकर्म आणि रसास्वाद : ‘ओशन्स इलेव्हन’

चोरीच्या कथेत प्रेक्षकाची सहानुभूती चोराकडे का झुकते, हा प्रश्न केवळ नीतीचा नाही. तो आस्वादाचाही आहे. स्टीव्हन सोडरबर्ग यांचा ‘ओशन्स इलेव्हन’ (२००१) या दृष्टीने विचारार्ह ठरतो.

लास व्हेगासमधील तीन जुगारगृहांची रोकड साठविणारी तिजोरी अकरा जण मिळून लुटतात, एवढेच त्याचे कथानक. परंतु चित्रपटाचे लक्ष धनापेक्षा कौशल्यावर अधिक असते. खिसेकापू, स्फोटतज्ज्ञ, कसरतपटू अशा प्रत्येकाला आपापले काम उत्तम येते, आणि कोणाचेही काम दुसऱ्यावाचून पुरे होत नाही. ‘मृच्छकटिका’तील शर्विलकही चौर्याला शास्त्र मानून भिंतीतील भगदाडाच्या आकाराचा विचार करतो; मात्र तो एकटा असतो आणि आपल्या कृत्याबद्दल स्वतःशी वाद घालतो. ओशनच्या मंडळींना असा वाद पडत नाही. त्यांची नीती परस्परविश्वासापुरतीच आहे.

लुइस माइलस्टोन यांच्या १९६० च्या मूळ चित्रपटात लुटीचे पैसे शवपेटीबरोबर जळून जातात. गुन्हा फळास येऊ नये, असा हॉलिवुडच्या तत्कालीन निर्मितिसंहितेचा दंडक होता. १९६८ साली ती संहिता संपली. सोडरबर्गच्या चोरांकडे लूट राहते. तुरुंगात जातो तो एकटा ओशन, आणि तोही पॅरोलच्या अटी मोडल्याबद्दल. शिक्षेच्या अभावी प्रेक्षकाचे मन निःशंक करण्याचा भार जुगारगृहांचा मालक बेनेडिक्ट याच्या स्वभावचित्रणावर पडतो. पैशासाठी तो टेसवर पाणी सोडण्यास तयार होतो, आणि त्याच क्षणी त्याच्या हानीबद्दलची हळहळ संपते. ही सोय चतुर आहे, पण ती सोयच होय.

याहून मोलाचा आहे तो प्रेक्षकाशी खेळलेला डाव. तिजोरीची प्रतिकृती उभारून घेतलेले दृश्य बेनेडिक्ट खरे मानतो, तसेच प्रेक्षकही मानतो. स्वतःला बारावा साथीदार समजणारा प्रेक्षक वस्तुतः फसणाऱ्याच्याच आसनावर बसलेला असतो, आणि तरीही तो प्रसन्न होतो. कारण येथे फसवणूक हीच कलाकृतीची रचना आहे.

अखेरीस कारंज्यापुढे, देबुसीच्या संगीतात, साथीदार निःशब्द उभे राहतात आणि एकेक करून निघून जातात. काम संपताच संघही संपतो. जुगारनगरीच्या झगमगाटाला हा चित्रपट प्रश्न विचारत नाही, ही त्याची मर्यादा खरीच. परंतु त्या मूक निरोपात त्याने धनाहून सहकार्याचेच मोल अधिक मानले आहे.