सुळावरचे चोर

कळत असून न कळल्याचं सोंग घेतलं की आपण वेड पांघरून पेडगावला जातो. नकाशावर शोधलं तर पेडगाव परभणी जिल्ह्यातही सापडतं आणि नगर जिल्ह्यातही. सुळाबद्दल बोलताना मात्र अख्खी मराठी भाषाच म्हणीतल्या पेडगावला जाते. जोखमीचं काम म्हणजे 'सुळावरची पोळी', असं आपण सहज म्हणून जातो. सुळावरचा माणूस तेव्हा डोळ्यांसमोर येत नाही.

मराठी बायबलमधल्या 'वधस्तंभ' या शब्दाचंही तसंच. शब्द चुकीचा नाही. मूळ ग्रीक 'स्टाउरोस'चा अर्थही उभा खांबच. पण 'वध' ऐकून वाटतं, एक घाव आणि संपलं. रोमन शिक्षेत संपणंच लांबवलेलं असे. सुळासारखं शरीर भोसकत नसत. ते खांबावर टांगून ठेवत, तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर सुमारे ६,००० गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने असं टांगलं होतं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आपल्याकडे या विषयावरची सगळ्यात धारदार कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. मांडव्य ऋषी मौनात बसलेले असताना चोर त्यांच्या आश्रमात लपतात. ऋषी शिपायांना उत्तर देत नाहीत, म्हणून राजा चोरांबरोबर त्यांनाही शिक्षा फर्मावतो. सुळावरही ते जिवंत राहतात. चूक कळल्यावर राजा सूळ उपसायला जातो, पण तो निघत नाही. शेवटी तो कापावा लागतो आणि टोक शरीरातच राहतं. म्हणून ते अणीमांडव्य.

इथपर्यंत ही निरपराध माणसाची गोष्ट आहे. खरी कथा पुढे आहे. मांडव्य यमधर्माला जाब विचारतात, तेव्हा कळतं की लहानपणी त्यांनी किड्यांना गवताची काडी टोचली होती. म्हणजे अपराध होता! पण मांडव्य तो नाकारत नाहीत. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा का, असं ते विचारतात आणि धर्मालाच शाप देतात. त्या शापातून विदुर जन्मतो. शिक्षा चुकीच्या माणसाला झाली म्हणूनच अन्याय ठरत नाही. ती प्रमाणाबाहेर असणं हाही अन्यायच, हे इथे स्वच्छ सांगितलंय.

आणि तरीही कथा अर्ध्यावर थांबते. मांडव्यांबरोबर धरलेल्या चोरांचं काय? त्यांचाही अपराध चोरीचाच होता. प्रमाणाचा प्रश्न त्यांच्यासाठी कुणी विचारत नाही. येशूच्या शेजारीही दोन गुन्हेगार होते; लूकच्या शुभवर्तमानात त्यांतल्या एकाच्या तोंडी शिक्षा 'योग्यच' असल्याची कबुली आहे. म्हणजे इथेही करुणा आहे, पण शिक्षेवर आक्षेप नाही.

१९६८ मध्ये जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात टाचेचं हाड सापडलं, आरपार लोखंडी खिळा असलेलं. खिळ्याचं टोक वाकलं होतं. बहुधा म्हणूनच तो निघाला नाही आणि हाडाबरोबरच पुरला गेला. अस्थिपेटीवर नाव होतं, येहोहानान. त्याचा गुन्हा कुठेच लिहिलेला नाही.

तो खिळा पाहताना गुन्हा विचारावासा वाटत नाही. मांडव्यांच्या कथेतल्या चोरांबद्दल वाचतानाही तसंच वाटायला हवं.