विज्ञान स्पर्धेतलं बक्षीस नेमकं कशाला मिळतं?

पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी बायोडेटा तयार करणारे बरेच जण मला विचारतात, "शाळा-कॉलेजातल्या सायन्स एक्झिबिशनची बक्षिसं त्यात लिहायची का?" जरूर लिहा. पण त्याआधी ते बक्षीस कशाबद्दल मिळालं होतं, हे एकदा नीट आठवून बघा. प्रश्नाबद्दल, डेटाबद्दल, मॉडेलबद्दल की छान बोललात म्हणून? स्पर्धेगणिक याचं उत्तर बदलतं, आणि मुलाखत घेणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं.

सगळ्यात मोठी स्पर्धा आधी घेऊ. अमेरिकेतला इंटरनॅशनल सायन्स अँड इंजिनिअरिंग फेअर, थोडक्यात आयसेफ. 1950 मध्ये फिलाडेल्फियात 30 मुलांना घेऊन तो सुरू झाला. आता साठच्या वर देशांतली नववी ते बारावीची दीड हजाराहून जास्त मुलं तिथे जातात, भारतातलीही. 2025 मध्ये तिथलं सर्वोच्च बक्षीस 1 लाख डॉलरचं होतं. शिवाय कित्येक विजेत्यांची नावं एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने शोधलेल्या लघुग्रहांना दिली गेली आहेत. पेपरातली बातमी साधारण इथेच संपते.

मला त्या बातमीपेक्षा आयसेफच्या परीक्षकांचा गुणतक्ता जास्त वाचनीय वाटतो. विज्ञानाच्या प्रकल्पाला एकूण 100 गुण. त्यात संशोधनाचा प्रश्न 10, प्रयोगाची आखणी 15, डेटा आणि त्याचं विश्लेषण 20, कल्पकता 20 आणि सादरीकरण तब्बल 35. पहिल्यांदा वाचून वाटतं, चला, म्हणजे बोलघेवड्यांची चांदी! पण त्या 35 पैकी पोस्टरला फक्त 10 आहेत. उरलेले 25 मुलाखतीचे. आणि मुलाखतीत काय बघतात? निष्कर्षांच्या मर्यादा कळल्यात का, काम किती स्वतंत्रपणे केलं, पुढे काय करता येईल. ही जवळजवळ पीएच.डी.ची व्हायव्हाच झाली. निकाल "पॉझिटिव्ह" आला पाहिजे असं त्या तक्त्यात कुठेच नाही.

तरी आयसेफला सरसकट शाबासकी द्यायला मी तयार नाही. तिथे एखाद्या मुलाने विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम केलं असेल, तर तिथल्या शास्त्रज्ञाने एक फॉर्म भरून द्यावा लागतो: मुलाने स्वतः काय केलं, आम्ही काय पुरवलं. तो फॉर्म स्टॉलवर दिसेल असा लावावाही लागतो. नियम प्रामाणिक आहे, पण त्याने लपवाछपवी थांबते, तफावत नाही. ज्याच्या आईची किंवा मामाची लॅबमध्ये ओळख आहे तो मायक्रोस्कोपपर्यंत पोचतो, बाकीचे स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतात, आणि गुण एकाच तक्त्यावर पडतात.

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारचं इन्स्पायर अवॉर्ड-मानक तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलं असेल. देशभरातून 10 लाख कल्पना मागवायच्या, त्यातल्या 1 लाख निवडून प्रत्येकी 10,000 रुपये मुलांच्या खात्यात टाकायचे, मग चाळत चाळत राष्ट्रीय पातळीवर 1,000 आणि शेवटी 60, अशी त्याची रचना. यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते: पैसे काम होण्याआधी मिळतात. संशोधनात ग्रँट अशीच चालते. जिंकल्यावर मिळणाऱ्या चेकपेक्षा सुरुवातीला हातात आलेले दहा हजार गरजू मुलाच्या जास्त कामाचे.

पण मागतात ती "कल्पना", म्हणजे व्यवहारात उपाय, आणि उपाय म्हटला की मॉडेल. आयसेफमध्ये विज्ञान आणि इंजिनिअरिंग यांचे निकष निदान वेगळे आहेत. आपल्याकडे ज्याला काही बनवायचं नाहीये, नुसतं जाणून घ्यायचंय, त्याने कुठे जायचं?

एका तालुका प्रदर्शनात मी परीक्षक होते. आठवीतल्या एका मुलाने काळा माठ आणि लाल माठ शेजारी ठेवून अकरा दिवस, दर दोन तासांनी पाण्याचं तापमान मोजलं होतं. काळ्यात पाणी जास्त गार होतं असं आजी म्हणायची, म्हणून. वहीत सगळे आकडे. निष्कर्ष: फरक दिसला नाही. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "याचा समाजाला उपयोग काय?" मुलगा गप्प. पहिला नंबर पलीकडच्या स्मार्ट डस्टबिनला गेला, ज्याचा सेन्सर आणि जोडणीचा नकाशा दोन्ही तयार किटमधले होते.

त्याला विचारण्यासारखं खरं तर खूप होतं. काळा एकच माठ आणि लाल एकच, मग फरक दिसला असता तरी तो रंगाचा की त्या माठाचा, हे कसं ठरवलं असतंस? दोन्हींत पाणी सारखंच होतं का? थर्मामीटर किती बारीक फरक दाखवतो? या तीन प्रश्नांत नमुना संख्या, नियंत्रण आणि मापनातली त्रुटी हे सगळं येतं. एम.एस्सी.ला आपण तेच घोकतो. गुणतक्त्यात या प्रश्नांना जागा नसेल तर चांगला परीक्षकही ते विचारत नाही. त्याच्यापुढे अजून चाळीस स्टॉल असतात.

अशा मुलासाठी जागा आहे, फक्त तिचा गाजावाजा कमी. 1993 पासून चाललेली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद. वय 10 ते 17, आपल्या परिसरातला प्रश्न, मातृभाषेत लिहायची मुभा, आणि अहवालासोबत रोजची नोंदवही. तिथे बक्षिसाची रक्कम हे आकर्षण नाही. कदाचित म्हणूनच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होमी भाभा परीक्षेच्या क्लासची चर्चा जास्त आणि या परिषदेची कमी. (होमी भाभातही कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो, पण तो लेखी आणि प्रात्यक्षिक चाळण्यांनंतर येतो, आणि आता त्याचेही क्लास निघालेत.)

तर तुमचा बायोडेटा. "आविष्कार, विद्यापीठ पातळी, द्वितीय" एवढीच ओळ वाचून समोरच्याला काही कळत नाही. तिच्याखाली आणखी एक ओळ घाला: प्रश्न काय होता, किती नमुने घेतले, काय सापडलं नाही. गटाने केलं असेल तर त्यातलं तुमचं काय, तेही. ही ओळ लिहिताना पेन अडलं, तर जुनी वही काढून बसा. मुलाखतीत त्या बक्षिसावर पहिला प्रश्न साधारण तिथूनच येतो.