हेमाडपंत, मोडी आणि बाजरी

(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय तीन ओळींचा आहे. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आणि आता रोज सकाळी मोबाइलवर 'आजचं सामान्यज्ञान' म्हणून जे येतं, त्याबद्दल बोलायचं आहे.

या प्रकाराची टिंगल करायला मी उभा नाही. तरुणपणी आमच्या गावच्या वाचनालयातला फळा मीच लिहीत असे. 'पगार', 'बटाटा', 'चावी' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, असं खडूनं लिहिलं की बाजारात निघालेली माणसं पिशवी घेऊन तिथंच थांबायची. रोजच्या तोंडातल्या शब्दाकडे माणूस घटकाभर नव्यानं बघतो, हे काही लहान काम नाही.

पण त्याच फळ्यावर मी एकदा लिहिलं: 'चुन्याशिवाय दगडी देवळं बांधण्याची पद्धत हेमाडपंतांनी शोधली. मोडी लिपी आणि बाजरीही त्यांनीच लंकेहून आणली.' तुम्हीही हे वाचलं असेल. सुट्टीत अंबरनाथला मामाकडे जाऊन आलेल्या एका मुलानं मला विचारलं, "काका, पण तिथल्या देवळातल्या लेखाचं साल तर फार आधीचं आहे म्हणतात. मग?" मी म्हटलं, "तुझं काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल." फळ्यावर होतं ना! मुलगा गप्प बसला.

चूक माझी होती. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे, काळ शिलाहारांचा. हेमाद्रि पंडित, म्हणजे आपले हेमाडपंत, हे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारी होते. महादेव गादीवर आला तो १२६१ च्या सुमारास. मध्ये दोनशे वर्षांचं अंतर आहे हो! सिन्नरचं गोंदेश्वरही हेमाडपंतांच्या आधीचंच मानतात. दगडाला खाचा पाडून तो दुसऱ्या दगडात घट्ट बसवायचा, भार एकमेकांवर तोलायचा, ही विद्या पाथरवटांच्या कित्येक पिढ्यांनी हातानं कमावली. आपण ती एका मंत्र्याच्या नावावर करून टाकली.

'हेमाडपंती' हा शब्द वापरू नका, असं मी म्हणत नाही. शब्द रुळलाय, ओळखीला बरा आहे. पण नाव म्हणजे पुरावा नव्हे. विलायती चिंच कुठं विलायतेची आहे? ती मेक्सिकोकडची.

बाजरीचं तर फारच गमतीचं. हे धान्य मूळचं आफ्रिकेतलं. भारतात त्याचे दाणे उत्खननांत सापडतात ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापासून. म्हणजे पंत जन्माला यायच्या तीनेक हजार वर्षं आधी या देशात बाजरी होती.

मोडीचं मात्र जरा सावकाश बघायला हवं, कारण इथं दंतकथेच्या पोटात काहीतरी आहे. हेमाडपंत श्रीकरणाधिप होते, म्हणजे राज्याच्या दफ्तराचे प्रमुख. हात न उचलता भराभर लिहिता येईल अशा लिपीची गरज दफ्तरालाच पडते. तेव्हा त्यांच्या काळात त्या लिखाणाला वळण लागलं असेल, ही कल्पना अगदी उडवून लावण्यासारखी नाही. पण लंका कशाला? मोडीची अक्षरं नागरीशेजारी ठेवून बघा. बरीचशी अक्षरं नागरीचीच, वाकवलेली, मोडलेली दिसतात. तिचं मूळ इथंच घरात आहे.

माझा आक्षेप चुकांवर नाही. चुका कुणाच्या होत नाहीत? आक्षेप या लिखाणाच्या घडणीवर आहे. तीन ओळींत बसायचं म्हणून त्याला एक माणूस लागतो, एक शोध लागतो, आणि 'पहिला' किंवा 'एकमेव' असा एक शब्द लागतो. 'असं सांगतात' हे दोन शब्द जागा खातात, म्हणून तेच आधी गळतात. ते गळले की दंतकथेचा इतिहास होतो. दंतकथा दंतकथा म्हणून सांगा ना, ती गोडच असते! लोकांना हेमाडपंत एवढे मोठे का वाटले, हाही अभ्यासाचाच विषय आहे.

मला आज टोचतं ते निराळं. त्या दिवशी त्या मुलाकडे एक खरा प्रश्न होता आणि त्याला आधारही होता. माझ्याकडे फक्त फळा होता. मी त्याला इतिहास चुकीचा सांगितला, ते एक वेळ दुरुस्त करता येईल. पण लिहिलेलं समोर आलं की आपलं विचारणं आवरतं घ्यायचं, हेही मी त्याला शिकवलं. सामान्यज्ञानानं नेमकं हेच करू नये.

मग तीन ओळींत काय लिहायचं? तो फळा आज पुन्हा हाती आला तर मी असं लिहीन: 'अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख इ.स. १०६० चा आहे. हेमाडपंत त्यानंतर दोनशे वर्षांनी झाले. मग या देवळाला हेमाडपंती का म्हणतात?'

ओळी तेवढ्याच झाल्या. खडूही तेवढाच लागला.