‘यूटोपिया’ बेटाचा नगरकारभार

टॉमस मोर ह्याचा ‘यूटोपिया’ हा लॅटिन ग्रंथ १५१६ सालीं लूव्हाँ येथें प्रसिद्ध झाला. त्यांतील कल्पित बेटाविषयीं जी चर्चा कानांवर येते ती बहुधा दोनच गोष्टींभोंवतीं फिरते : तेथें खासगी मालमत्ता नाहीं ही एक, आणि तेथें सोन्याच्या बेड्या व मूत्रपात्रें करतात ही दुसरी. ह्या चमत्कारांच्या गर्दींत अधिकाऱ्यांविषयींचें लहानसें प्रकरण बहुतेक वाचक ओलांडून पुढें जातात. वस्तुतः बेट सुखी आहे कीं नाहीं ह्यापेक्षां तें चालतें कसें हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असून त्याचें उत्तर ह्याच थोड्या पानांत आहे.

घडण येणेंप्रमाणें आहे. बेटावर ५४ शहरें असून प्रत्येकांत ६,००० कुटुंबें राहतात. दर ३० कुटुंबें मिळून प्रतिवर्षीं एक मुखत्यार निवडतात. त्यास तेथील जुन्या भाषेंत ‘सिफोग्रांट’ म्हणत. अशा दहा मुखत्यारांवर एक ‘ट्रॅनिबोर’ असतो. शहराच्या चार विभागांतून चार नांवें पुढें येतात, आणि २०० मुखत्यार गुप्त मतानें त्यांतून एकास नगराधिपति निवडतात. तो जुलमी होऊं पाहत असल्याचा संशय न आल्यास त्याचें पद तहहयात टिकतें. ट्रॅनिबोर दर तिसऱ्या दिवशीं त्याच्याशीं मसलतीस बसतात, व दोन मुखत्यार पाळीपाळीनें तेथें हजर राहतात. सबंध बेटाच्या कामासाठीं प्रत्येक शहर दरसाल तीन वयोवृद्ध व अनुभवी नागरिक अमौरोट ह्या मध्यवर्ती शहरीं पाठवितें.

ह्या योजनेंत मोरचें व्यवहारज्ञान ठिकठिकाणीं दिसतें, आणि तें स्वाभाविकच आहे. कारण १५१० पासून तो लंडन शहराचा उपशेरीफ होता व नगरवासीयांच्या तंट्यांचा निकाल करणें हें त्याचें काम होतें. जो पदासाठीं खटपट करील त्यास कोणतेंच पद मिळूं नये, हा दंडक अशा माणसास सुचावा ह्यांत नवल नाहीं. त्याहूनही मार्मिक नियम असा कीं, जो विषय ज्या दिवशीं सभेपुढें येईल त्याच दिवशीं त्यावर चर्चा करावयाची नाहीं. मनुष्य एकदां कांहीं बोलून गेला म्हणजे, बोलणें चुकीचें असलें तरी, लाजेखातर तो त्याचेंच समर्थन करीत बसतो व लोकहित बाजूस राहतें, हें मोरनें नेमकें ओळखलें आहे. प्रश्न महत्त्वाचा असेल तर तो मुखत्यारांपुढें जातो. ते आपआपल्या कुटुंबांशीं बोलतात आणि मग सभेस आपलें मत कळवितात. इतक्या थोड्या शब्दांत सभाशास्त्राचें इतकें मर्म सांगणारा मजकूर आमच्या वाचनांत फारसा आला नाहीं.

परंतु सभा उत्तम बांधली म्हणून तिच्यापुढें कांहीं काम असतेंच असें नाहीं. बेटांतल्या बेटांत पैसा चालत नाहीं म्हणून कर नाहीं. कर नाहीं म्हणून कोणत्या पेठेसाठीं आधीं खर्च करावा हा झगडाही नाहीं. भाषा, रीतिरिवाज व कायदे सर्व शहरांत एकच. नगररचनाही जागा परवानगी देईल तेथवर सारखी. म्हणूनच मोर एका अमौरोटचें वर्णन करून बाकीच्या ५३ शहरांस रजा देतो. मग महासभेंत ते १६२ वृद्ध करतात काय? कोठें काय जास्त झालें व कोठें काय कमी पडलें ह्याचा मेळ घालून एकाचें उणें दुसऱ्याच्या अधिकानें, मोबदल्यावांचून, भरून काढतात. एका शहरांत माणसें वाढलीं तर तींही दुसऱ्यांत धाडलीं जातात. हें काम उपयुक्त खरें. पण तें कोठीवरच्या कारभाऱ्याचें काम होय. जेथें एका प्रांताचें हित दुसऱ्याहून भिन्न असूंच शकत नाहीं, तेथें प्रतिनिधीनें बाजू मांडावयाची ती कोणाची?

ह्याहून गंभीर आक्षेप मुखत्याराच्या दुहेरी भूमिकेवर आहे. तीस कुटुंबें ज्यास आपला म्हणून निवडतात, त्याचें मुख्य, किंबहुना जवळजवळ एकमेव काम कोणी रिकामा बसूं नये हें पाहण्याचें आहे. जेवणें त्याच्याच भोजनशाळेंत, त्याच्याच नजरेखालीं. परगांवीं जावयाचें तर अनुमति त्याची व ट्रॅनिबोरची. आणि परवान्यावांचून हद्दीबाहेर दुसऱ्यांदा सांपडल्यास शिक्षा गुलामगिरीची. आपलें गाऱ्हाणें वर नेणारा व आपल्यावर पहारा ठेवणारा एकच असला, म्हणजे त्याच्याविरुद्धचें गाऱ्हाणें न्यावें कोणाकडे? शेजाऱ्याशीं बोलावें, तर सभेबाहेर राजकारणाची मसलत करणारास देहान्त शासन सांगितलें आहे! अधिपति व ट्रॅनिबोर ह्यांनीं संगनमत करून लोकांस दास करूं नये, हा त्या कायद्याचा हेतु असून तो स्तुत्यच आहे. पण कायद्याचे शब्द अधिकाऱ्यांपुरते राहत नाहींत. ओटीवर बसून कारभाराची चिकित्सा करणारा सामान्य गृहस्थही त्यांच्या तावडींत येतो.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, हा सारा विनोद आहे. नांवेंच पाहा : ‘यूटोपिया’ म्हणजे नसलेलें स्थळ, तेथील नदीच्या नांवाचा अर्थ ‘निर्जला’, आणि अधिपतीच्या पदवीचा अर्थ ‘ज्यास प्रजा नाहीं तो’. मोर हंसत हंसत लिहीत आहे हें आम्हांसही मान्य आहे. परंतु विनोदांतील यंत्र चालवून पाहिल्यावांचून विनोद कोणावर आहे तें कळत नाहीं. शिवाय मोरचेंच पुढील चरित्र ह्या कायद्यावरचें भाष्य आहे. १५२३ सालीं पार्लमेंटांतील लोकप्रतिनिधींच्या सभेचा अध्यक्ष ह्या नात्यानें त्यानें राजाजवळ सभासदांस निर्भयपणें बोलूं देण्याची विनंती केली. १५३५ सालीं त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हां त्यास दोषी ठरविण्यास मुख्य आधार झाला तो कैदेंत रिचर्ड रिच ह्याच्याशीं झालेल्या संभाषणाचा. आपण तसें बोललोंच नाहीं असें मोरनें सांगितलें, तरी त्याचा शिरच्छेद झाला. चार भिंतींआडच्या शब्दास देहान्त शासन म्हणजे काय, हें ग्रंथ लिहिल्यावर एकोणीस वर्षांनीं त्याच्या वांट्यास आलें.

म्हणून ‘यूटोपिया’ वाचूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. उलट अधिकाऱ्यांचें तें प्रकरण दोनदां वाचावें असेंच सुचवितों. पहिल्या वाचनांत सभा कशी भरवावी हें शिकण्यासारखें आहे. दुसऱ्यांत, सभा उठल्यावर घरीं परतणाऱ्या माणसास काय बोलतां येतें इकडे लक्ष द्यावें. तीस घरांचें म्हणणें वर कसें न्यावें हें मोरनें उत्तम सांगितलें आहे; मुखत्यार समोर नसतां त्या तीस घरांनीं आपसांत काय बोलावें, ह्यास मात्र त्याच्या बेटांत जागा नाहीं.